वाकलेले गज

भिंग कुणाची भीड ठेवत नाही. समोर जे आहे तेच दाखवतं. तीस वर्षं इमारतींचे नकाशे काढल्यावर हे वाक्य मी नवशिक्यांना इतक्या गंभीरपणे ऐकवायचो, की ते वहीत उतरवून घेत.

आमची मुलुंडची सोसायटी पाडायची ठरली, तेव्हा अध्यक्षांना तिचं 'ऐतिहासिक रेखाचित्र' हवंसं झालं. इतिहास म्हणजे तळमजला अधिक चार आणि गळकी टाकी. काम माझ्याकडे आलं. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर मी टेबल मांडलं, त्याला दांडीवरचा काचेचा लोलक लावला. त्यातून एका डोळ्याने खाली पाहिलं की समोरची इमारत कागदावर पडल्यासारखी दिसते. आपण फक्त वरून पेन्सिल फिरवायची.

तिसऱ्या मजल्यावर आमच्याच खिडकीचा गज मध्येच वाकलेला दिसला. आत बायको होती. इमारत खचतेय, असंच वाटलं. दुसरा मजला पाहिला, तर तिथलाही गज वाकलेला. मग पहिल्याचा. मी बघेन तिथे इमारत वाकत होती.

लोलक पुसला, फिरवला, दांडी घट्ट केली. शेवटी डावा डोळा लावला. सगळे गज सरळ. इमारत वाचली. उरला माझा उजवा डोळा.

बायकोला सांगितलं ते दोन दिवसांनी. ती म्हणाली, "आधी बिल्डिंगवर संशय, मग त्या काचेवर. स्वतःवर कधी घेणार होतात?"

नाहूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी माझा डावा डोळा झाकला, चौकटींचा कागद समोर धरला आणि दिसतं तसं फॉर्मवर काढायला सांगितलं. मधल्या रेषा आत ओढल्यासारख्या दिसत होत्या. मी त्या सरळ काढल्या. चौकटी सरळच असतात हे मला माहीत होतं. शिवाय वाकड्या काढल्या की ते खरं ठरेल, ही भीती.

"काका, माहीत आहे ते नको," त्या म्हणाल्या. "दिसतं ते काढा."

दुसऱ्या फॉर्मवर काढलं. या वेळी रेषा आत वळवल्या. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय, त्या म्हणाल्या. बहुतेकदा ओसरतं, कधी नाही ओसरत. महिन्याने बघू.

फॉर्मवरचं चित्र पुरं झालं म्हणून सवयीने मी खाली उजव्या कोपऱ्यात सही करायला गेलो. तिथे वय लिहायचं होतं.