बसलेला आवाज

जुनी गिटार चांगली की नवी, हा प्रश्न आमच्या घरात जितक्या वेळा निघाला, तितक्या वेळा "आज भाजी काय" हासुद्धा निघाला नसेल. भाजीचं निदान उत्तर तरी मिळायचं.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहायचो. हे कारखान्यात फिटर. आता फिटरच्या घरी गिटार कुठून आली म्हणाल, तर दौंडच्या एका रेल्वे गार्डाकडून. तो गोव्याचा माणूस, रिटायर होऊन गावी निघाला होता आणि सामान कमी करत होता. हे गेले होते त्याच्याकडचं लोखंडी कपाट बघायला. आले गिटार घेऊन. कपाट अजून यायचंय.

ती गिटार तेव्हाच ह्यांच्यापेक्षा वयानं मोठी असेल. पुढचं लाकूड जुन्या तुपासारखं पिवळं पडलेलं, आणि बोटं घासून घासून एका जागी पार पांढरं. आत नाक घातलं तर धान्याच्या रिकाम्या कणगीसारखा वास. हे ती मांडीवर घेऊन आल्यागेल्याला सांगायचे, "नव्या लाकडात पानी असतंय. ह्यातलं सगळं पानी निघून गेलंय. हे आता लाकूड राह्यलंच न्हाय, नुसता आवाज राह्यलाय."

"मग चुलीत घातलं तरी वाजंल की," मी म्हणायची.

"तुला न्हाय कळायचं."

"माझं पण वय झालं. माझा आवाज मुरला असं कधी म्हनला न्हाईत तुमी."

"तुझा कधी बसलाच न्हाय, मुरंल कुठनं?"

असं बोलणं आमचं. चेष्टेत जायचं, पण मला वैताग यायचाच. कारण घरात जुनं म्हणून कौतुक फक्त त्या एका वस्तूचं. मिक्सर जुना झाला की त्याला शिव्या, कुकरची शिट्टी जुनी झाली की मला शिव्या. खोटं कशाला बोलू, एक गोष्ट मात्र मलाही गप्प करायची. ती गिटार भिंतीला टांगलेली असायची, आणि माझ्या हातून स्वयंपाकघरात परात पडली की ती एकटीच, कुणी हात न लावता, बारीक हुंकार द्यायची. पहिल्यांदा मी घाबरले. नंतर नंतर मुद्दाम परात आपटायची. पण हे मी ह्यांना सांगितलं नाही. आधीच काय कमी होतं?

हे स्वतः पुस्तकात बघून वाजवायला शिकले, आणि पोरगी सातवी-आठवीत असल्यापासून तिलाही शिकवली. आमची एकुलती एक. तिचं बी.ए. झालं त्या सुमाराला बारामतीत इंग्रजी शाळा निघायला लागल्या होत्या. नव्वद साल मागं पडलेलं, आणि आजूबाजूच्या सगळ्यांना पोरं टाय लावून शाळेत घालायची घाई झालेली. जळोचीच्या बाजूला एका नव्या शाळेत लहान मुलांना गाणी शिकवायला बाई हवी होती. वाद्य वाजवता आलं पाहिजे, अशी अट. अर्ज केला, मुलाखतीचं पत्र आलं. शनिवारी बोलावलं होतं. एकीकडे एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि पोरगी म्हणत होती, "आई, नोकरी लागली तर दोन वर्षं थांबाल ना?" ह्यांनी शब्द दिला होता, लागली तर थांबू. नाही लागली तर ते लोक पुढच्या आठवड्यात बघायला येणार होते. म्हणजे त्या शनिवारवर तिचं सगळं टांगलेलं. हे लक्षात ठेवा, कारण पुढं मी जे केलं ते ह्याच पोटी केलं.

श्रावण चालू होता. तीन दिवस पावसाची झड लागलेली. बुधवारी संध्याकाळी ती वाजवत होती, हे डोळे मिटून ऐकत होते, मी आत भाकरी थापत होते. तेवढ्यात ह्यांचा आवाज आला, "आता आवाज बसला बघ."

माझ्या हातातली भाकरी फाटली.

माझं माहेर सुप्याकडचं. आमच्या आज्याच्या काळापर्यंत मेंढरं होती, नंतर शेती आली, पण ढोल राहिला. देवापुढं गजी, म्हणजे आमचा धनगरी नाच, नाचायला लागतो तो मोठा ढोल. पावसाळ्यात दमट हवेनं त्याचं कातडं सैल पडतं, आणि वाजवला तर ओल्या पोत्यावर बुक्की मारल्यासारखा वाजतो. त्याला आमच्यात म्हणतात, ढोल बसला. मग त्याला उन्हात ठेवायचा, ऊन नसेल तर जाळावर धरायचा. कातडं ताणलं की पुन्हा खणखणीत. हे शेंबड्या पोराला माहीत असतं. त्यामुळं मी म्हटलं, बसला म्हणजे काय ते कळलं. शनिवारी मुलाखत, आणि ही दोघं आवाज बसला म्हणून नुसती ऐकत बसलीत! एकाच्याही डोक्यात येत नाही की उपाय करावा.

गुरुवारी उघडीप झाली. ऊन असं कडक, की डोळे उघडवेनात. हे कामावर, पोरगी मैत्रिणीकडं. मी अंगणात बाज टाकली, गोधडी अंथरली, त्यावर गिटार उताणी ठेवली. दर अर्ध्या तासानं येऊन पापडासारखी उलटत होते. हाताला चटका बसायला लागला तशी मला बरं वाटलं. म्हटलं, आता ओल निघाली असेल.

दीडच्या सुमाराला अंगणात मोठ्यानं आवाज झाला. मला वाटलं शेजारणीचा कुकर उडाला. बाहेर येऊन बघते तर तारा ज्या लाकडी पट्टीला अडकवलेल्या असतात, जिला घोडी म्हणतात, ती घोडी मुळासकट उपटून वर आलेली, आणि सगळ्या तारा केसांच्या गुंत्यासारख्या लोंबत होत्या. उन्हानं लाकूड चिकटवायचा सरस वितळला होता.

लपवाछपवी मला कधी जमली नाही. हे दारात सायकल लावत होते तेव्हाच मी सांगून टाकलं.

"उन्हात?" हे म्हणाले. "उन्हात कशाला?"

"तुमीच म्हनला न्हवं, आवाज बसलाय."

हे पायरीवर खाली बसले. "अगं, बसला म्हंजे चांगला बसला. जसा हात बसतो, घडी बसती, तसा."

"मग चांगला बसला असं म्हनायचं! अर्धं वाक्य तोंडात ठेवायचं आन् अर्धं बायकोनं वळखायचं, असं कुठं असतं का? घसा बसतो, भिंत बसती, धंदा बसतो. आमी काय समजायचं?"

हे उठले आणि लोंबत्या तारा एकेक करून गुंडाळायला लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. पोरगी आली, तिनं गिटार बघितली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, तुला पापड वाटला का गं?" आणि आत जाऊन पालथी पडली. मी दाराबाहेर उभी.

कारखान्यातल्या सुतारमिस्त्रींनी बघून सांगितलं, "व्हईल दुरुस्त. पन चिकटवून चार दिवस आवळून ठिवाय लागंल." चार दिवस कुणाकडं होते?

म्हणून शुक्रवारी आम्ही तिघं एसटीनं बारामतीला, वाद्यांच्या दुकानात. तिथं सगळा बँडवाल्यांचा माल, आणि वर प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या तीन गिटारी. एक लाल, दोन काळ्या, आरशासारख्या चकचकीत. ह्यांनी एक घेतली, टिचकी मारली, कान लावला.

"डबा हाय."

"तात्या, डबा कसला," दुकानदार म्हणाला, "नवीन माल हाय, गॅरंटीचा."

"प्लायवूडचं, पापुद्रं चिकटवून केलेलं लाकूड. वरनं वार्निशचा थर इतका, की आवाज आतच गुदमरतोय."

"मग वार्निश कमी लावायला सांगू का कंपनीला?"

दुसरी घेतली. डबा. तिसरी घेतली. लाल डबा. एक तास झाला. उद्या मुलाखत पोरीची, आणि इथं गिटारींची मुलाखत चाललेली! शेवटी मीच म्हटलं, "ही काळी द्या." हे म्हणाले, "ही का?" म्हटलं, "जवळ टांगलीय म्हनून."

घरी आल्यावर नवाच ताप. नव्या तारा ताणत जातात म्हणे, त्यामुळं एक गाणं होईपर्यंत सूर उतरतो. ती वाजवणार, हे खुंट्या पिळणार, पुन्हा ती वाजवणार. प्रत्येक पिळ्याला ह्यांचं चालू, "जुनी असती तर असं झालं नसतं." आणि प्रत्येक वेळी माझ्याकडं एक नजर. मी भांडी घासत होते. ती भांडी त्या दिवशी फार स्वच्छ निघाली.

मग पोरगी एकदम म्हणाली, "आप्पा, ह्याच्यावर बोटं दुखत नाहीत."

हे थांबले. "म्हंजे?"

"जुनीच्या तारा फार वर आहेत. खूप दाबाव्या लागतात. मला नेहमी दुखायची."

"मग बोलली न्हाईस कधी?"

"तुम्हाला आवडायची ना ती."

ह्यांनी तिचा डावा हात हातात घेतला. बोटांची टोकं घट्ट झालेली, वाळल्या चिंचोक्यासारखी. रोज तिला जेवायला वाढणारी मी, मीही ती कधी बघितली नव्हती. मला ह्यांचा राग आला, तिचा आला, माझा स्वतःचा तर फारच आला. आठ वर्षं आम्ही जुन्याचा आवाज ऐकत होतो, आणि तो कोण कसा काढतंय ते बघतच नव्हतो. त्या संध्याकाळी ह्यांनी पुन्हा डबा हा शब्द काढला नाही.

शनिवारी बारामतीच्या स्टँडवरनं रिक्षा करून जळोचीला गेलो. शाळेचं अर्धं बांधकाम व्हायचं होतं, वाळूच्या ढिगावर कुत्रं झोपलेलं. आम्हा दोघांना व्हरांड्यात बसवलं. खिडकी उघडी होती म्हणून ऐकू येत होतं. मुख्याध्यापिका बाईंनी आठ-दहा मुलं आत आणली आणि म्हणाल्या, "मला वाजवून दाखवू नका. ह्यांना एक गाणं शिकवा." पोरीनं सुरुवात केली, आणि दुसऱ्याच कडव्याला सूर उतरला. ह्यांनी माझा हात आवळला. मी मनातल्या मनात त्या काळ्या गिटारीला, दुकानदाराला आणि उन्हाला, सगळ्यांना एका दमात शिव्या घातल्या. आत पोरगी म्हणाली, "थांबा हं, हिला सर्दी झालीय, नाक पुसू या." खुंटी पिळली. मुलं खदखदून हसली. मग प्रत्येक कडव्यानंतर मुलंच ओरडायला लागली, "बाई, सर्दी! सर्दी!" सूर चांगला असला तरी.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. तोंड लाल झालेलं. म्हणाली, "सोमवारपासून बोलावलंय."

मी तिथंच तिची दृष्ट काढली, नुसत्या हातांनी. आणि ह्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? "दुसऱ्या कडव्याला खालची तार उतरली व्हती का मधली?"

"मधली."

"न्हाय, खालची."

"आप्पा, वाजवत मी होते!"

हे रिक्षात चाललं, स्टँडवर चाललं, उसाचा रस पितानाही चाललं. स्थळवाल्यांना काय निरोप धाडायचा, सोमवारी तिनं साडी नेसायची की ड्रेस घालायचा, मी तीन वेळा विचारलं. कुणाचं लक्ष नाही. मी एका हातात पिशवी, एका हातात गिटार घेऊन उभी. तेवढ्यात आमच्या भवानीनगरवरनं जाणारी इंदापूरची गाडी लागली, भरली, आणि ही दोघं मधली-खालची करत असताना आमच्यासमोरनं निघून गेली.