काकूंच्या चकत्यांचा ढीग

नोकरीत छापे पुष्कळ घातले, पण घोडबंदर रोडवरच्या त्या क्लबहाऊसचा छापा आठवला की अजूनही हसू येतं.

रविवारी दुपारी पोलीस ठाण्यात निनावी फोन आला: सोसायटीत जुगार चालू आहे. डायरीत नोंद केली, पंच सोबत घेतले आणि पोहोचलो. आत रहिवाशांची पोकर स्पर्धा रंगली होती. पैसा कुठेच नव्हता. प्लास्टिकच्या चकत्या आणि बक्षिसाला एक चषक, बस्स. गुन्हा दाखल करण्यासारखं काहीच नाही.

मी निघणार तोच खेळणाऱ्यांतले एक दंतवैद्य उठले. "साहेब, फोन मीच केला. चहाच्या सुट्टीत या काकूंचा चकत्यांचा ढीग आपोआप वाढला. इथे कोणी ऐकूनच घेईना."

"प्लास्टिक चोरून काय मिळणार, डॉक्टर?"

"अहो, ढीग मोठा असला की एक डाव हरला तरी माणूस टेबलावर राहतो. आमची एक चूक झाली की आम्ही बाहेर! म्हणून त्यांनी बोली वाढवली की आम्ही बरी पानंसुद्धा टाकून देतो."

हेतू समजला. काकू मोठ्या आजारातून उठल्यासारख्या दिसत होत्या, पण आता रागाने लाल. "मी चोर?" सगळे त्यांच्याकडे बघत होते. शेजारी बसलेले त्यांचे यजमान मात्र छताकडे. त्यांच्यापुढे जेमतेम मूठभर चकत्या.

"काका, चहाआधीचा मोठा डाव कोणी जिंकला?"

"मीच की," ते अभिमानाने म्हणाले आणि लगेच समोरच्या मूठभर चकत्या हाताने झाकू लागले.

"मग त्या चकत्या कुठायत?"

"हिच्या ढिगात सरकवल्या. साहेब, आजारपणापासून ही घरात आवाजसुद्धा चढवत नव्हती. आज सगळ्यांना दमात घेत होती. म्हटलं, चालू राहू दे."

"अहो, माझ्या ताटात वाढायला तुम्हाला कोणी सांगितलं?" काकू कडाडल्या.

काका बाद झाले, त्यांनी दिलेल्या चकत्या काकूंच्या ढिगातून बाहेर काढल्या. पुढच्याच डावात काकूंनी उरलेला लहानसा ढीग सगळाच पुढे सारला. डॉक्टरांनी बराच विचार करून पानं टाकून दिली. काकूंनी आपली उलटून दाखवली. हातात काहीच नव्हतं, नुसती हूल! पंचांनीही टाळ्या वाजवल्या.

चषक शेवटी डॉक्टरांनी नेला. काकू दुसऱ्या आल्या आणि नवऱ्याशी कडाकडा भांडत घरी गेल्या. काकांचा चेहरा खुलला होता.

चौकशीच्या टेबलावर मोठा ढीग कायम पोलिसाकडे असतो: गणवेश, खुर्ची, दारावरचा शिपाई. समोरचा घाबरून गप्प बसला म्हणजे त्याची बाजू खोटीच, असं नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, कोणालाही प्रश्न विचारण्याआधी मी त्याला बसायला खुर्ची आणि चहा द्यायला लावत असे.