सेटवरचा फोटोवाला

धानोऱ्याजवळच्या जंगलात एका सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, तेव्हा मी तिथं जेवण वाढायचो. शूटिंग चालू असताना फोटो काढायला एक माणूस नागपूरहून आला होता. त्याच्या कामात जराही आवाज चालत नसे. वाळल्या पानांवरून तो अनवाणी चालायचा आणि जेवतानाही कुजबुजायचा, "भाऊ, वरण द्याल का थोडंसं?"

एका सकाळी गावातल्या म्हाताऱ्याला तिरडीवर निजवून प्रेतयात्रेचा प्रसंग घेत होते. तेवढ्यात त्याची बायको मोहफुलं वेचून त्याच वाटेनं आली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. नवऱ्याला तिरडीवर पाहून तिनं हंबरडा फोडला.

"खरं रडतेय, चालू ठेवा," दिग्दर्शक हळूच म्हणाला.

"बंद करा!" फोटोवाला ओरडला.

शूटिंग थांबवायचा हक्क फक्त दिग्दर्शकाचा. तो संतापला, हाकलून देईन म्हणाला. "द्या," एवढंच बोलून फोटोवाल्यानं म्हाताऱ्याला उठवून बसवलं.

"मले काई नाई झालं वो," म्हातारा बायकोला म्हणाला. तिनं त्याचे गाल चाचपले. दिग्दर्शकानं मग हाकलायचं नाव काढलं नाही.

दुपारी तोच प्रसंग पुन्हा घेतला. म्हातारा परत निजला, तशी म्हातारी थरथरायला लागली. फोटोवाल्यानं कॅमेरा माझ्याकडे दिला, तिचा हात धरला आणि तिच्या कानाशी म्हणत राहिला, "पाहा बाई, पोट हालून राह्यलं त्यायचं. पाहा, हालून राह्यलं."

मी कॅमेरा छातीशी धरून उभा होतो. त्या प्रसंगाचा एकही फोटो निघाला नाही.