भूकंप नांदेडला आणणारी माणसं

लातूरच्या एका क्लासनं नांदेडला शाखा काढली, तेव्हा चौकाचौकात फ्लेक्स लागले. संचालकांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ओळ: ‘खास नांदेडच्या मुलांसाठी तयार केलेलं साहित्य’. ते साहित्य कसं तयार झालं हे मला नंतर कळलं. एका ओळीत झालं होतं.

मी तेव्हा विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. काळ्या पडद्यावर टाइप करायची एक साधी कमांड आम्ही मुलांना सुरुवातीलाच शिकवायचो. कोणता शब्द शोधायचा, त्याच्या जागी कोणता ठेवायचा आणि कोणत्या फायलींत, एवढं सांगितलं की ती शेकडो फायलींतून फिरून येते. सांगितलं तर काही न बदलता आधी नुसतं दाखवते, कुठं कुठं बदल होणार ते. सांगितलं तर जुन्या फायलींची प्रत बाजूला ठेवते. शेवटी किती जागी बदल केला तो आकडा देते. इतकं सरळ हत्यार मी दुसरं पाहिलं नाही. माझी तक्रार हत्याराबद्दल कधीच नव्हती.

माझी बहीण बाळंतपणासाठी नांदेडला आमच्याकडे आलेली असताना किल्लारीचा भूकंप झाला. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, गणपती बोळवून औसा तालुक्यातल्या आपल्या घरी झोपले होते. ते घराखाली गेले. भाची त्यानंतर जन्मली आणि आमच्याच घरी वाढली. भूकंपग्रस्त असल्याचा दाखला अर्जांना जोडून जोडून ‘तालुका औसा, जिल्हा लातूर’ हे तिला स्वतःच्या जन्मतारखेइतकं पाठ होतं.

दहावीनंतर तिला डॉक्टर व्हायचं होतं. खासगी कॉलेज आमच्या घराला झेपणारं नव्हतं, म्हणजे सरकारीच मिळवायला हवं होतं. या क्लासमध्ये चाळणी परीक्षा घेऊन वरची चाळीस मुलं खास तुकडीत बसवत. त्यांना चांगले शिक्षक, शंका विचारायला वेळ. बाकीच्यांना गोदामासारखा हॉल. मागच्या बाकांवरून फळा दिसत नसे आणि पंख्यांपुढं शिक्षकाचा आवाज ऐकू येत नसे. फी दोघांना सारखी. याला ते गुणवत्तेची कदर म्हणत.

भाची एक्केचाळिसावी आली. एका गुणानं राहिली.

घरी आल्यावर तिनं प्रश्नपत्रिका माझ्यापुढं ठेवली. “मामा, सामान्यज्ञानातला हा प्रश्न वाचा.”

किल्लारी हे भूकंपाचं ठिकाण कोणत्या जिल्ह्यात आहे? पर्याय चार: नांदेड, उस्मानाबाद, नांदेड, बीड.

“तू काय लिहिलंस?”

“सोडून दिला. लातूर नव्हतंच त्यात.”

“अगं, नांदेड ठोकून द्यायचं,” बहीण आतून म्हणाली.

“कोणतं, आई? पहिलं का तिसरं?”

बहीण बाहेर आली, तिनं पर्याय स्वतः वाचले आणि पत्रिका मला परत दिली.

मी ती पत्रिका पहिल्यापासून वाचून काढली. एका गणितात बस नांदेडहून निघून वीस किलोमीटरवरच्या औशाला अर्ध्या तासात पोचत होती. ताशी चाळीस, उत्तर बरोबर. फक्त दोन जिल्ह्यांमधलं अंतर खाऊन टाकलं होतं. काय झालं असणार ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी भाचीला घेऊन क्लासमध्ये गेलो. संचालक मूळ औशाचेच, हे त्यांनी माहितीपत्रकात स्वतःच्या संघर्षाखाली छापलेलं होतं.

“किल्लारी कोणत्या जिल्ह्यात?” मी विचारलं.

“लातूर. का हो?”

मी पत्रिका दाखवली. त्यांनी ती हातात धरली, वाचली नाही.

“आता असं हाय साहेब, आन्सर-की म्हणजे आन्सर-की. पहिला पर्याय बरोबर. निकाल लागला. एकाचं बदललं तर दारात रांग लागंल.”

“आणि तिसरं नांदेड लिहिलं त्यांचं काय?”

“चुकीला गुण कापतो आपण. शिस्त हाय आपली.”

म्हणजे एक नांदेड बरोबर आणि दुसरं चूक. हे सांगताना त्या माणसाचा चेहरा जरासुद्धा हलला नाही. त्यांनी संगणकवाल्याला हाक मारली. आला तो माझाच जुना विद्यार्थी.

“काय केलंस रे?”

“सर, तुमचीच कमांड. लातूरचं नांदेड. लई फायली होत्या, दोन मिन्टात खलास.”

“आधी नुसतं दाखवायला सांगितलं होतंस?”

“न्हाई.”

“जुनी प्रत?”

“न्हाई ठेवली.”

“शेवटी आकडा आला असेल. किती जागी बदल झाला?”

“आला की. लई मोठा होता, सर!” हे तो शाबासकी मागावी तसं म्हणाला.

“मंग सोपं हाय,” संचालक म्हणाले. “उलटं मार. नांदेडचं लातूर कर.”

“थांबा,” मी म्हणालो. “मुळात जिथं नांदेडच होतं, तेही लातूर होईल. आता दोन्ही सारखे दिसतात. कोणतं कुठलं हे कमांडला कसं कळणार?”

“साहेब, तुम्ही लईच बारीक बघायलात.”

संगणकवाल्यानं बटण दाबलं. विष्णुपुरीचं धरण लातूर जिल्ह्यात गेलं, बिलोली गेली, गोदावरीही लातूर शहराला वळसा घालू लागली. त्या प्रश्नात आता दोन लातूर होते. “बघा, आलं का न्हाई लातूर?” संचालक म्हणाले आणि चहा मागवला.

न शिकलेल्या माणसांचा मला कधी राग आला नाही. पण ही माणसं शिकवण्यावर जगत होती आणि वाचणं त्यांना हलकं काम वाटत होतं. चहाला मी हात लावला नाही.

“पोरीला एक ग्रेस देतो,” ते म्हणाले. “एक्केचाळिसावी खुर्ची टाकू. बाहेर बोलू नका म्हणजे झालं.”

ग्रेस! चूक यांची आणि उपकार आमच्यावर. मी उठलो.

“मामा, बसा,” भाची म्हणाली. मग त्यांच्याकडे वळली. “सर, मी उद्यापासून येते. पण तिसरं नांदेड लिहिणाऱ्यांचे कापलेले गुण पण द्या.”

“बघू.”

ते त्यांनी कधीच बघितलं नाही. परतताना मी रस्ताभर धुसफुसत होतो. ती म्हणाली, “तुम्हाला त्यांच्या तोंडून ‘चुकलं’ ऐकायचं होतं, मामा. मला तिथं बसायचं होतं.”

त्याच उलट्या केलेल्या फायलींवरून पुढं पुस्तिका छापून आल्या. संध्याकाळी ती लाल पेन घेऊन बसली. मी शेजारी बसलो. लातूर दिसलं की ती थांबायची, अख्खी ओळ वाचायची, मग ठरवायची. विष्णुपुरीपाशी लातूर खोडून नांदेड. औशाच्या बसपाशी लातूर तसंच. किल्लारीच्या प्रश्नात पहिलं लातूर राहिलं, तिसऱ्याचं नांदेड झालं. सकाळी दोन मैत्रिणी तिची प्रत बघून आपापल्या पुस्तिका सुधारायला आल्या.

मुखपृष्ठावर ठळक छापलेलं होतं: ‘खास लातूरच्या मुलांसाठी तयार केलेलं साहित्य’. तेवढं तिनं दुरुस्त केलं नाही.