झांकीवाल्यांचा डायनासोर

मिल चालू होती तेव्हा किस्से फक्त पुरुषांकडे असायचे. पाळीवरून यायचे, चहा पिता पिता सांगायचे, आणि आम्ही बायका पोळ्या लाटत ऐकायचो. मिल बंद झाली आणि किस्से घरातच येऊन बसले. आता आमच्या घरांच्या लाइनीत नळावर दोघी जणी भेटल्या की तिसरीचा हंडा भरायचा राहतो. माझ्याकडे साठलेत ते सगळे एकाच वाढदिवसाचे. हसू येईल तिथे हसा, माझं काही म्हणणं नाही.

आधी घरचं सांगते. हे, म्हणजे माझ्या पिंकीचे बाबा, मिलमध्ये कापड विणायच्या साच्यावर होते. गेटाला कुलूप लागल्यावर ह्यांनी कोणाशी भांडण केलं नाही, दारू धरली नाही. फक्त जेवण सोडलं. ताटावर बसायचे, अर्धी पोळी खायचे, ताट सरकवायचे आणि भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडायचे. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही. रोग असता तर गोळी तरी मिळाली असती. ह्यांच्या पट्ट्याला मी खिळ्याने नवं भोक पाडायची तेव्हा सासूबाई मुद्दाम दुसरीकडे बघायच्या.

* * *

अशात पिंकीला पाचवं लागणार होतं. शाळेच्या वाटेवर टॉकीजच्या भिंतीला पोस्टर लागलं होतं, ते बघून ती घरी आली आणि म्हणाली, "मला डायनासोरवाला बड्डे पाहिजे."

मी सातवीपर्यंत शिकलेली. आमच्या पुस्तकात गेंड्यापर्यंत आलं होतं, पुढे शाळा सुटली. म्हणून मी पिंकीच्या मॅडमना जाऊन विचारलं. त्या चांगल्या होत्या, हसल्या नाहीत. कागदावर चित्र काढून दिलं आणि म्हणाल्या, "करोड़ों साल पुराने हैं ये."

तो कागद मी सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा पुसून नीट बघितला.

"घोरपड आहे ही," त्या म्हणाल्या. "दिवस भरलेली."

* * *

इंदुरात अनंत चतुर्दशीला मिलवाल्यांच्या झांक्या निघतात. गाड्यांवर देव, राक्षस, हलणारे हात, फिरणाऱ्या माना. आमच्या मिलच्या झांकीत गुलाबभिया पुतळे करायचे आणि हे पुतळ्याच्या पोटात बसून दोऱ्या ओढायचे. राक्षसाने तोंड उघडलं की लोक टाळ्या वाजवायचे, आणि टाळ्या कोणासाठी ते फक्त आम्हा घरच्यांना माहीत असायचं.

मी कागद घेऊन गुलाबभियांकडे गेले. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला.

"भाभी, पुराने राक्षस का मुंडा पड़ा है अपने पास," ते म्हणाले. "सींग निकाल देंगे, पूँछ लगा देंगे. हो गया डायनासोर."

"आणि मिशा?"

"मूँछ रहने दो. रौब आता है."

दुसऱ्या दिवशी ते बांबू, गोणपाट आणि मुंडकं घेऊन आमच्या दारात बसले. हे आत खाटेवर. गुलाबभिया तासभर ठोकत होते आणि तोंडाने बडबडत होते. मग जबडा बसवला. मी चहा द्यायला गेले तर आतून आवाज आला.

"जबडा उलटा आहे."

गुलाबभिया मान वर न करता म्हणाले, "नहीं रे, बराबर है."

"उलटा आहे, गुलाब. उघडणार नाही तो."

"तू लेटा रह. तुझे क्या दिखता है वहाँ से?"

खाट करकरली. हे बाहेर आले, बनियनवर, दाढी वाढलेली, आणि त्यांच्या हातातून पक्कड ओढून घेतली. वीस वर्षं झांक्या करणाऱ्या माणसाने जबडा उलटा कसा बसवला, हे मी गुलाबभियांना आजवर विचारलेलं नाही.

त्या रात्रीही ह्यांनी अर्धीच पोळी खाल्ली. पण हात धुतल्यावर भिंतीकडे न वळता दोरी वळत बसले.

* * *

झांकीवाल्यांची एक अडचण आहे. त्यांना राक्षस करता येतो, पण त्याला मारायला देव लागतो. तिसऱ्या दिवशी गुलाबभियांनी पिंकीसाठी मोरपिसाचा मुकुट करून आणला.

"बिटिया कृष्ण बनेगी. डायनासोर के सिर पे पाँव रखेगी, और ये नीचे मरेगा."

पिंकीने मुकुट घातला, आरशात बघितला आणि काढून ठेवला.

"माझ्या बड्डेला कोणी नाही मरणार," ती म्हणाली.

गुलाबभिया ह्यांच्याकडे बघायला लागले. विषय नसलेली झांकी त्यांनी जन्मात केली नव्हती.

"फिर ये करेगा क्या?" त्यांनी विचारलं.

"मेहमान आहे तो," पिंकी म्हणाली.

* * *

वाढदिवसाच्या सकाळी दार उघडलं तर डायनासोरच्या कपाळावर कुंकू, पायाशी नारळ आणि दोन अगरबत्त्या. शेजारच्या धापूबाई हात जोडून उभ्या. त्या बेटमा गावाकडच्या, वयाने सासूबाईंएवढ्या.

मी म्हटलं, "मौसी, हा देव नाही."

"झांकीवालों ने बणायो नी?"

"हो, पण…"

"तो फिर? आज नी तो कल निकल आएगा कोई. हाथ जोड़ने में क्या जाता है?"

मला टेन्शन आलं. वाढदिवसाला शाळेतली पोरंही येणार होती, त्यांच्या घरी काय सांगतील? मी नारळ उचलायला वाकले तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. आपल्या घरी कोणी तरी काही तरी ठेवून गेलं, हे बरंच आहे."

* * *

संध्याकाळी पाचला पोरं जमली. हे डायनासोरच्या पोटात शिरले होते. आदल्या दिवशीपर्यंत म्हणत होते, "मला लोकांत नको बोलावू." मी म्हटलं होतं, "लोकांत कुठे? पोटात."

मी निरांजन लावलं. पिंकी पाटावरून उठली.

"आधी त्याला ओवाळ."

आठ पोरं आणि त्यांच्या आया बघत होत्या. मी सासूबाईंकडे बघितलं.

"त्या मॅडम वय किती म्हणाल्या होत्या त्याचं?" त्यांनी विचारलं.

"करोडो वर्षं."

"मग तोच मोठा. ओवाळ आधी. आणि पिंके, तू पाया पड त्याच्या."

मी गोणपाटाच्या तोंडाला ओवाळलं. दातांच्या मागे अंधार होता, त्यात ह्यांचे डोळे दिसले. इतक्या दिवसांत हे माझ्याकडे सरळ बघत नव्हते. मी निरांजन एक फेरी जास्तच फिरवलं.

* * *

मग केक कापला. पहिला तुकडा आईला किंवा बाबांना देतात. पिंकी तुकडा घेऊन डायनासोरकडे गेली. ह्यांनी नाही घेतला तर? सगळ्यांसमोर तो तुकडा तसाच त्या तोंडात पडून राहिला तर पोरीला मी काय सांगू?

जबडा उघडला. पिंकीने केक आत ठेवला. जबडा मिटला. बराच वेळ काही झालं नाही. मग उघडला. आत केक नव्हता.

पोरांनी एकच गिल्ला केला. "मैं भी खिलाऊँगा!" लगेच लाइन लागली. कोणी केक, कोणी पुरी, कोणी शेव, एकीने श्रीखंड बोटावर नेलं. दरवेळी वाटायचं, आता बस होईल. दरवेळी जबडा मिटायचा आणि रिकामा उघडायचा. गुलाबभिया भिंतीला टेकून उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती.

शेवटच्या पोराच्या मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात ताट, ताटात वरणभात, वर तूप. त्या कधी आत गेल्या, कधी कालवून आणला, मला कळलं नाही. लाइन पुढे सरकली तशा त्याही सरकल्या. नंबर आला तेव्हा डोक्यावरचा पदर सारखा केला आणि घास वर धरला.

"आ कर."

जबडा उघडला. घास आत गेला.

त्या जागच्या हलल्या नाहीत. नुकताच भरवून बाजूला झालेल्या पोराने त्यांचा पदर ओढला.

"दादी, एक ही बार खिलाना है. सबका एक-एक."

"तुमचं एक-एक," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरा घास उचलला.