जंगलासाठी साफसफाई

निडी स्टेशनवर माझी बायको उतरली आणि मी उतरलो नाही.

भांडण वगैरे काही नव्हतं. झाडं हवेतला कार्बन ओढून खोडात कसा साठवतात, हे मी शेजारच्या गृहस्थांना समजावत होतो. (ते झोपले होते, हे नंतर लक्षात आलं.) गाडी हलली. फलाटावर सुमनचं उघडं तोंड दिसलं, शब्द ऐकू आले नाहीत. बरंच झालं! पुढचं स्टेशन रोहा. चाळीस रोपं माझ्याबरोबर, फावडं तिच्याबरोबर!

एरवी हसून सोडलं असतं, पण त्या दिवशी अजिबात वेळ नव्हता. निडीला सासऱ्यांचा दोन एकरांचा वरकस, म्हणजे हलक्या उताराच्या जमिनीचा तुकडा आहे. पूर्वी रान तोडून तिथे नाचणी करत, मग तीही सुटली. मेव्हण्याला तो मुंबईच्या एका पार्टीला फार्महाऊससाठी विकायचा होता. सुमन आडवी आली. "आबा, मला द्या. तिथे पुन्हा आपल्या झाडांचं जंगल करू."

आबा म्हणाले होते, "पार्टी पावसात येनार हाय. त्याच्या आत झाडं दिसली तर जागा तुझी, गो."

आणि पार्टी दुसऱ्याच दिवशी येणार होती!

मी पेणच्या शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे पुढारीपण आपोआप माझ्याकडे आलं. त्यात मला स्वस्थ बसवत नाही. शिमगा झाल्या झाल्या मी दोन गडी लावून तिथली सगळी झुडपं जमिनीसपाट केली होती. जंगल लावायचं तर जागा स्वच्छ नको?

रोह्याला टमटम केली. "आलं का निडी?" मी वाटेत चारदा विचारलं.

"तुमी उतरून पळा," टमटमवाला म्हणाला, "म्हंजे लवकर पोचाल."

पोचलो तर आबा उकिडवे बसलेले, सुमन फावडं टेकून उभी, आणि दोघांच्या भोवती गुडघाभर हिरवी फूट!

"परत आली ही झुडपं!" मी ओरडलो. "सुमन, आण ते फावडं! आधी ही उपटू!"

"हात लावायचा नाय!" आबा गरजले. त्यांनी माझ्या पिशवीतून एक रोप उचललं आणि त्या फुटीशेजारी धरलं. पान तेच, देठ तोच. फक्त माझं वीतभर.

"मास्तर, ह्यो काय?"

"किंजळ."

"आन् ह्यो जमिनीतला?"

"...किंजळ."

"मंग शिमग्याला तोडलीत ती कंची झाडं व्हती?"

मी चष्मा पुसायला घेतला.

"डोक्याएवढी झाली व्हती वो! ऐन, किंजळ, जुन्या खुंटांची फूट. पाच वर्सं कोयता लागला नाय म्हनून आपसूक आलेली. मला वाटलं, जंगलाचा इचार सोडला, आता मास्तर नाचनी करनार. म्हनून गप बसलो. पाला नेला राबाला, भाजून टाकला."

भाजला! (भाताचं रोप टाकण्याआधी आमच्याकडे पाला जाळून जमीन भाजतात.) म्हणजे पाच वर्षं साठलेला कार्बन मी एका सकाळीत हवेला परत केला होता. विज्ञानशिक्षक!

सुमनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आबा," ती हळूच म्हणाली, "मग जागा?"

आबांनी त्या फुटीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"झाडं तर हायतच. जागा तुझी," ते म्हणाले. "पन एक अट. तीन पावसाळं ह्यांना हितं आनायचं नाय."

माझी चाळीस रोपं सुमनने बांधाच्या कडेने लावली. मी लांबून, सूचना न देता, पाहत होतो. (फार त्रास झाला.)

आता तिथे भर दुपारी ऊन खाली पोचत नाही. परवा एका पाहुण्याने विचारलं, "वहिनी, एवढं जंगल मास्तरांनी उभं केलं?"

"त्यांचा वाटा फार मोठा आहे हो," सुमन म्हणाली. "तीन वर्षं इकडे फिरकले नाहीत!"