चिकटपट्टीखालचं बटण

आत्या म्हणजे स्टुडिओवाल्याची बहीण. त्याची मुलं आत्या म्हणायची म्हणून गल्लीही म्हणू लागली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. रडकी बाळं हसवायची, अवघडलेल्या नवरा-बायकोला जवळ सरकवायचं, पासपोर्टवाल्यांची कॉलर नीट करायची आणि मग फोटो काढायचा, हे सगळं अठरा वर्षं तीच करत होती. पाटीवर नाव दादाचं. त्याबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नाही, आणि मला विचाराल तर घोडं तिथेच पेंड खात होतं.

मागच्या आठवड्यात त्वचारोगाच्या डॉक्टर स्वतःचा फोटो काढायला आल्या. आत्याचं काम बघून हळूच म्हणाल्या, "माझ्याकडे कायमचं काम आहे. उपचाराआधीचे आणि नंतरचे पेशंटचे फोटो. एकदा येऊन काढून दाखवाल?"

आत्याला रात्री झोप लागली नाही. स्वतःची नोकरी, स्वतःची खोली, आणि सकाळी उठल्यावर कोणाची कॉलर नीट करायची नाही. तिने घरात कोणाला काही सांगितलं नाही. ठरल्या दिवशी "दात दाखवून येते" असं वहिनीला सांगून ती निघाली. पिशवीत कॅमेरा, फ्लॅशला दुरून पेटवणारा ट्रिगर आणि स्टँडवर लावायचा लहान फ्लॅश. निघण्यापूर्वी स्टुडिओत मोठ्या फ्लॅशबरोबर तिने तो चारदा पेटवून पाहिला होता. चारही वेळा व्यवस्थित चमकला.

दवाखान्यात एक मास्तर स्टुलावर पाठ करून बसले होते. पाठीवर पांढरे डाग. आजपासून मलम सुरू होणार, म्हणजे फोटो आत्ताच काढायला हवे. आत्याने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. फ्लॅश ढिम्म.

तिने सेल बदलले. ट्रिगरवरचा आणि फ्लॅशवरचा नंबर जुळवून पाहिला, तो एकच होता. ओढणीच्या टोकाने पितळी टोकं पुसली, स्टँड हातभर पुढे ओढला. फ्लॅशचा तांबडा दिवा छान लागलेला, पण तो आत्याला भीक घालायला तयार नव्हता.

"माझी पाठ बघून घाबरला असेल," मास्तर म्हणाले. डॉक्टर हसल्या आणि त्यांनी घड्याळ पाहिलं.

राहिलं होतं एकच. फ्लॅशच्या मागे एक बटण होतं आणि त्यावर काळी चिकटपट्टी. फ्लॅश आणला त्याच दिवशी दादाने ती लावली होती आणि बजावलं होतं, याला हात लावायचा नाही. आत्याचं बोट दोनदा तिथवर गेलं आणि दोन्ही वेळा मागे आलं. बघणाऱ्याला हसू येईल, पण अठरा वर्षं ज्याला हात लावला नाही त्याला परक्या खोलीत, परक्या माणसांसमोर हात लावायचा धीर तिला होईना. दादा या वेळी फोटोचा कागद आणायला बाजारात असतो. तिने बाहेर येऊन फोन लावला.

"दादा, तो लहान फ्लॅश पेटत नाहीये."

"तू कुठे आहेस?"

"स्टुडिओच्या मागच्या खोलीत. दाताचं काम लवकर झालं. म्हटलं, जरा पुसून ठेवावा."



"मागच्या खोलीत मी आहे," दादा म्हणाला.

आता हा ओरडेल, म्हणून आत्याने डोळे मिटून घेतले.

"मोठा फ्लॅश इथेच आहे," दादा शांतपणे म्हणाला. "मग तो लहान कसा पेटेल? ट्रिगर फक्त मोठ्याला पेटवतो. मोठा चमकलेला दिसला की हा चमकतो. मीच तसा लावलाय. चिकटपट्टी काढ आणि बटण डावीकडे सरकव. मग ट्रिगरचं ऐकेल."

तिने आत जाऊन फोन कानाशी धरूनच चिकटपट्टी काढली, बटण सरकवलं आणि कॅमेऱ्याचं बटण दाबलं. खोली लख्ख उजळली.

"झालं?"

"झालं."

"बरं. तुझ्या वहिनीला मी काही सांगत नाही. जेवायला थांबतो, ये."

एवढंच. कुठे गेलीस, कशाला गेलीस, एका शब्दानेही विचारलं नाही. तो ओरडला असता तर आत्याही ओरडली असती. साठवलेलं काय कमी होतं? भांडून, दार आपटून, रडून ती निघून गेली असती. पण जेवायला थांबलेल्या माणसाशी भांडायचं कसं? तिला त्याचा भयंकर राग आला आणि तो राग कुठे ठेवावा हे कळेना.

फोटो मात्र सुरेख आले. डागांची कड न् कड दिसत होती. डॉक्टरांनी दोनदा मोठे करून पाहिले.

"असंच हवं होतं मला," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून याल ना?"

याच प्रश्नासाठी आत्या आठवडाभर आरशासमोर उत्तर घोकत होती. तिने तोंड उघडलं.

"दादाला विचारून सांगते," ती म्हणाली.

स्वतःचे शब्द कानावर पडले तेव्हा तिचं तिलाच रडू आलं. मला विचार, असं दादाने तिला सांगितलंच नव्हतं.